बिनधुराच्या मोटारीचा हुकूम

कारखानदाराने कोणता माल करावा आणि तो किती विकावा, हे सरकारने ठरवावे काय? आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना हा प्रश्न नवा वाटणार नाही. धान्याची लेव्ही होती त्या काळात किती ज्वारी, किती भात सरकारच्या मापात घालायचा, याचा आकडा कागदावर लिहून येत असे. पण जगातल्या बलाढ्य मोटार-कंपन्यांना, "तुमच्या शंभर गाड्यांमागे इतक्या गाड्या अजिबात धूर न सोडणाऱ्या असल्याच पाहिजेत, नाहीतर दंड भरा," असा हुकूम कोणी सोडावा, आणि तोही अमेरिकेत, जिथे व्यापाराच्या स्वातंत्र्याचा एवढा बडिवार, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. असा हुकूम निघाला. तो सप्टेंबर १९९० मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॅलिफोर्निया राज्याने काढला. तो पुढे कितीदा तरी वाकवला गेला. लिहिल्याप्रमाणे तो कधीच पाळला गेला नाही. आणि तरीही तो वाया गेला असे म्हणता येत नाही. हे कसे, तेच आज सांगायचे आहे.

प्रथम ते शहर डोळ्यांपुढे आणू. शिक्षकांनी वर्गात नकाशा उलगडून दाखवला तर चांगलेच. लॉस एंजेलिस हे पॅसिफिक महासागराच्या काठचे शहर एका बशीसारख्या सखल भागात पसरले आहे. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला आणि पूर्वेला डोंगर. समुद्रावरची गार हवा खाली बसते आणि तिच्यावर ऊन हवेचा थर पसरतो. भगुण्यावर झाकण ठेवावे तसा हा प्रकार. खालचा धूर वर जात नाही, डोंगर आडवे आल्यामुळे बाजूलाही सरकत नाही. आणि वर लख्ख ऊन! याच उन्हाच्या लोभाने सिनेमावाले त्या गावी गेले होते. त्याच उन्हाने पुढे घात केला.

२६ जुलै १९४३ या दिवशी या शहरावर एक करडा-तपकिरी पडदा उतरला. लोकांचे डोळे झोंबू लागले, घसे खवखवू लागले, रस्त्याचे पुढचे टोक दिसेनासे झाले. दुसरे महायुद्ध चालू होते. शत्रूने विषारी वायू सोडला की काय, अशी शंका काहींना आली. मग संशय गेला शहरातल्या एका कारखान्यावर. तिथे कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन नावाचे रसायन तयार होत असे. तो कारखाना काही काळ बंद ठेवून पाहिला, पण पडदा काही हटेना. मग तेलाच्या रिफायनऱ्या, घरोघरच्या परसात कचरा जाळण्याच्या भट्ट्या, असे एकेकावर बोट ठेवून झाले. त्यांचाही हात होताच. परंतु खरा चोर घरोघरच्या अंगणात उभा होता आणि त्याला रोज सकाळी लोक मोठ्या कौतुकाने पुसून चकचकीत करीत होते.

ही गोष्ट पहिल्यांदा कोणाच्या ध्यानात येण्याच्या वाटेवर आली? भाजीवाल्या शेतकऱ्यांच्या. लॉस एंजेलिसच्या आसपास त्या काळी मोठी भाजीपाल्याची शेती होती. १९४४ च्या सुमारास पालक, सॅलडची पाने, बीट यांवर एक चमत्कारिक रोग दिसू लागला. पानाची खालची बाजू रुपेरी, तांबूस चकाकायची आणि मग पान करपायचे. कीड नाही, बुरशी नाही, पाण्याचा दोष नाही. वनस्पतिरोगाच्या जाणकारांनी पाहून सांगितले की हा रोग हवेतून येतो. शहरातल्या बाबूचे डोळे झोंबतात तेव्हा तो डोळे पुसून कामाला लागतो. शेतकऱ्याचे पान करपले की त्याचा बाजार बुडतो. म्हणून हवेची पहिली खरी तक्रार शेतातून आली, हे आपल्या श्रोत्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता या कथेत एक रसायनशास्त्रज्ञ येतात. आरी हागेन-स्मिट हे त्यांचे नाव. जन्माने डच, नोकरीला लॉस एंजेलिसजवळच्या पासाडेना येथील कॅल्टेक या शास्त्रसंस्थेत. अननसाला त्याचा वास कशामुळे येतो, याचा ते अभ्यास करीत होते. फळाचा वास थंड नळीत गोठवून त्याचे थेंब काढायचे, असे त्यांचे काम. त्याच साधनातून त्यांनी शहराची हवा ओढून पाहिली, तेव्हा तळाशी थोडेसे तपकिरी, उग्र वासाचे द्रव उरले. १९५० ते १९५२ या काळात त्यांनी उलगडा केला तो असा : मोटारीच्या इंजिनात सगळे पेट्रोल जळत नाही, काही वाफेच्या रूपाने सायलेन्सरमधून आणि टाकीतून बाहेर पडते. रिफायनऱ्यांतूनही अशीच वाफ सुटते. त्याच धुरात नायट्रोजनची ऑक्साइडे असतात. या दोहोंवर कडक ऊन पडले की हवेतच नवे विष शिजते, त्यात मुख्य ओझोन. म्हणजे धूर नळीतून निघतो तेव्हा अर्धा कच्चा असतो, तो पुढे उन्हात पिकतो! ओझोनने रबराला चिरा पडतात. म्हणून वाकवलेल्या रबराच्या पट्टीला किती वेळात चीर पडते, यावरून हवेतले विष मोजण्याची साधी रीतही त्यांनी वापरली. मोटारीच्या टायरांना त्या शहरात लवकर चिरा का पडतात, याचेही उत्तर त्यातच होते.

धूर आणि धुके मिळून आपण हल्ली 'धुरके' म्हणतो. पण लॉस एंजेलिसच्या त्या पडद्यात धुके जवळजवळ नव्हतेच, हे यावरून कळेल. तो लंडनच्या कोळशाच्या धुरक्याहून निराळा प्रकार होता.

हे निदान तेलवाल्यांना आणि मोटारवाल्यांना रुचले नाही. तेल-कंपन्यांच्या पैशाने चाललेल्या संशोधनातून हागेन-स्मिट चुकले असल्याचे सांगण्यात आले. त्यावर हे शांत गृहस्थ इतके चिडले, की अननसाचा नाद सोडून पुन्हा धुरक्याच्याच मागे लागले. लॉस एंजेलिस जिल्ह्याच्या कारभारी मंडळावर केनेथ हान नावाचे एक लोकप्रतिनिधी होते. त्यांनी १९५३ पासून मोटार-कंपन्यांना पत्रांवर पत्रे लिहिली की तुमच्या गाड्यांच्या धुराचे काय करता? फोर्ड कंपनीकडून उत्तर आले त्याचा मतलब असा की गाडीची वाफ हवेत चटकन विरून जाते, तिच्यापासून हवा बिघडण्याचा प्रश्न उद्भवत नाही. पत्रव्यवहार वर्षानुवर्षे चालला. कंपन्यांचे म्हणणे हळूहळू बदलत गेले. आधी धूर अपायकारक नाही म्हणाल्या, मग अभ्यास चालू आहे म्हणाल्या, मग उपाय आहे पण अजून तयार नाही म्हणाल्या. नाचता येईना अंगण वाकडे, यातलाच हा प्रकार.

आणि आता या कथेतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रसंग ऐका, कारण पुढचे सारे त्याचीच मोठी आवृत्ती आहे. कॅलिफोर्नियाने कायदा करून ठेवला होता की धूर कमी करणारी निदान दोन यंत्रे पसंतीस उतरली, म्हणजे ती नव्या गाड्यांना लावणे सक्तीचे होईल. ती यंत्रे मोटार-कंपन्यांनीच केली पाहिजेत अशी अट नव्हती. १९६४ च्या जूनमध्ये राज्याच्या मंडळाने चार यंत्रे पसंत केली आणि ती चारही मोटार-कंपन्यांबाहेरच्या कारखानदारांनी बनवलेली होती. आता आपल्या गाडीवर दुसऱ्याचा डबा बसवावा लागणार! लगोलग, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, मोटार-कंपन्यांनी जाहीर केले की १९६६ च्या गाड्यांना आम्ही आमचीच व्यवस्था करून देऊ. जे काल जमत नव्हते ते बाहेरचा माणूस दारात उभा राहिल्याबरोबर जमू लागले. पुढे १९६९ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने या कंपन्यांवर खटला भरला. आरोप असा की धूर कमी करणारी साधने आणण्यात एकमेकांशी चढाओढ करायची नाही, असे त्यांनी आपसांत ठरवले होते. त्याच वर्षी तो खटला तडजोडीने मिटला. कंपन्यांनी आरोप कबूल केला नाही, पण यापुढे असा संगनमताचा व्यवहार करणार नाही असे लिहून दिले.

१९६७ मध्ये कॅलिफोर्नियाने हवेचे काम पाहण्यासाठी एक स्वतंत्र मंडळ नेमण्याचा कायदा केला. त्यावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन, जे पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले. मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले आपले अननसवाले हागेन-स्मिट. त्याच साली केंद्राच्या कायद्यात कॅलिफोर्नियाला एक सवलत मिळाली. मोटारीच्या धुराचे नियम साऱ्या देशासाठी केंद्राने करावेत, पण कॅलिफोर्नियाने हे काम आधीपासून चालवले असल्याने तिला केंद्राची मंजुरी घेऊन अधिक कडक नियम करता यावेत. १९७७ मध्ये आणखी एक कलम आले. इतर राज्यांना स्वतःचा वेगळा नियम करता येणार नाही, पण हवा तर कॅलिफोर्नियाचा नियम जसाच्या तसा उचलता येईल. ही दोन कलमे कोरडी वाटतात खरी. पुढे लाखो गाड्यांचे भवितव्य त्यांवरच टांगले गेले.

आता १९९० साल. तोपर्यंत गाड्यांचा धूर पूर्वीपेक्षा पुष्कळच स्वच्छ झाला होता. सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणारा डबा बसला होता, पेट्रोलमधले शिसे जात चालले होते. पण गाड्याही वाढत होत्या आणि गाडी जुनी झाली की तिचा डबा निकामी होत जातो. गाडीमागे धूर कितीही कमी करा, लॉस एंजेलिसची हवा ठरलेल्या पातळीवर येत नाही, असे मंडळाच्या हिशेबात दिसत होते. काही गाड्या तरी अशा हव्यात की ज्या जुन्या झाल्या तरी धूर सोडणारच नाहीत.

अशा वेळी जनरल मोटर्स या कंपनीने आपल्याच हाताने दारूगोळा पुरवला. जानेवारी १९९० मध्ये लॉस एंजेलिसच्या मोटार-प्रदर्शनात कंपनीने 'इम्पॅक्ट' नावाची विजेची गाडी मांडली. दिसायला देखणी, पळायला चपळ. एप्रिलमध्ये कंपनीचे अध्यक्ष रॉजर स्मिथ यांनी अशी गाडी बाजारात आणण्याचा मनोदय जाहीर केला. मंडळाने ते ऐकले आणि सप्टेंबरमध्ये नियम केला. राज्यात सर्वांत जास्त गाड्या विकणाऱ्या सात कंपन्यांनी १९९८ साली आपल्या विक्रीच्या शेकडा २ गाड्या, २००१ साली शेकडा ५ आणि २००३ साली शेकडा १० गाड्या शून्य धुराच्या विकायच्या. न विकल्यास कमी पडलेल्या दर गाडीमागे ५,००० डॉलर दंड. कंपनीने हौसेने मोराचा पिसारा दाखवला आणि सरकार म्हणाले, छान, आता रोज नाचा!

कंपन्यांची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. त्यांची मुख्य अडचण होती बॅटरी, आणि ती अडचण खोटी नव्हती. 'इम्पॅक्ट'चीच पुढे 'ईव्ही-वन' या नावाने गाडी निघाली. तिच्यात शिसे आणि आम्लाच्या बॅटऱ्या होत्या, आपल्या ट्रॅक्टरच्या बॅटरीच्याच जातीच्या. त्यांचे वजन पाचशे किलोंहून अधिक. त्यांत मावणारी वीज साडेसोळा युनिट, म्हणजे सुमारे दोन लिटर पेट्रोलात जेवढी शक्ती असते तेवढी. विजेची मोटर त्या शक्तीचा वापर पेट्रोल-इंजिनापेक्षा कितीतरी चांगला करते, म्हणून एका भरणीत गाडी शंभर-सव्वाशे किलोमीटर जात असे. पण ज्या देशात माणूस दोनशे मैलांवरच्या बहिणीकडे सहज जेवायला जातो, त्या देशात एवढ्यावर गिऱ्हाईक कसे खूश व्हावे? मंडळाने नेमलेल्या तज्ज्ञांनीही १९९५ मध्ये सांगितले की चांगली बॅटरी १९९८ पर्यंत तयार होणार नाही. नियम करणाऱ्यांनी साल ठरवले होते, पण बॅटरीने ते मान्य केले नव्हते.

या खऱ्या अडचणीच्या आडोशाला बाकीचे राजकारणही चालले. तेल-कंपन्यांनी नियमाविरुद्ध आणि वीज भरण्याच्या ठाण्यांविरुद्ध मोहीम उघडली. वीज-कंपन्या साहजिकच दुसऱ्या बाजूला. कोणी कोणाच्या हवेची काळजी करीत होते, अशातला भाग नव्हता. मार्च १९९६ मध्ये मंडळ नमले. १९९८ ते २००२ पर्यंतचे आकडे रद्द झाले, २००३ चे शेकडा १० तेवढे ठेवले. मोबदल्यात कंपन्यांनी काही थोड्या गाड्या करून रस्त्यावर आणून दाखवायच्या, असा करार झाला.

त्या करारातून ज्या गाड्या निघाल्या त्यांची कथा थोडी हळहळ लावणारी आहे. 'ईव्ही-वन' डिसेंबर १९९६ पासून लोकांच्या हाती आली, पण विकत नव्हे, भाड्याने. एकंदर १,११७ गाड्या झाल्या. ज्यांनी त्या चालवल्या त्यांतल्या पुष्कळांना त्या सोडवेनात. टोयोटा, होंडा, फोर्ड, निसान यांनीही थोड्या थोड्या गाड्या काढल्या. त्यांपैकी टोयोटाने शेवटी शेवटी तीनशेवर गाड्या लोकांना विकल्या आणि त्या पुढे कितीतरी वर्षे धावत राहिल्या. जनरल मोटर्सने मात्र भाड्याची मुदत संपताच आपल्या गाड्या परत घेतल्या आणि बहुतेक चिरडून भंगारात टाकल्या. पुढे सुटे भाग मिळणार नाहीत, जबाबदारी कोण घेणार, असे कंपनीने कारण दिले. २००५ मध्ये लॉस एंजेलिसजवळ बरबँक येथे उरलेल्या गाड्यांच्या आवाराबाहेर लोक पहारा धरून बसले, आम्हाला विकत द्या म्हणाले. दिल्या नाहीत. काही गाड्या संग्रहालयांना आणि शाळा-कॉलेजांना गेल्या. माझ्या मते ही कंपनीची घोडचूक होती, आणि असे म्हणणारा मी एकटा नाही. तिचे प्रमुख रिक वॅगनर यांनीच २००६ मध्ये 'ईव्ही-वन' मोडीत काढल्याचा पश्चात्ताप जाहीरपणे बोलून दाखवला.

मंडळाच्या हातूनही चुका झाल्या. २००२ मध्ये जनरल मोटर्स, डेमलर-क्रायस्लर आणि काही विक्रेते न्यायालयात गेले. इंधन किती लागावे हे ठरवण्याचा अधिकार फक्त केंद्राचा, राज्य त्यात आडून हात घालते, अशी त्यांची तक्रार होती. न्यायालयाने नियमाला स्थगिती दिली. मग एप्रिल २००३ मध्ये मंडळाने नियम पुन्हा लिहिला आणि बॅटरीवरची नजर काढून हायड्रोजनच्या गाडीवर लावली. २००८ पर्यंत सगळ्या मोठ्या कंपन्यांनी मिळून अशा २५० गाड्या केल्या तरी पुरे, अशी पळवाट ठेवली. हायड्रोजन हा वायू भरण्यासाठी राज्यभर ठाणी लागतात. ती पुढच्या वीस वर्षांतही मोजकीच राहिली. आकड्यांच्या भाषेत पाहिले तर २००३ साली हा नियम मेल्यातच जमा होता.

पण नियमात एक साधी सोय होती, तिच्याकडे त्या वेळी फारसे कोणी पाहिले नाही. लेव्हीचेच उदाहरण घेऊ. समजा, मला वीस मण भात घालायचा आहे आणि माझ्याकडे पंधराच मण निघाला. शेजाऱ्याकडे जास्त आहे. सरकार म्हणाले, तू शेजाऱ्याकडून पाच मणांची पावती विकत घे आणि आमच्या खात्यात भर. असे झाले तर शेजाऱ्याला भाताची किंमत वेगळी आणि पावतीची वेगळी मिळेल. कॅलिफोर्नियात असेच होते. बिनधुराची गाडी विकली की कंपनीच्या खात्यात क्रेडिट जमा होई. ते जास्त झाले तर ज्याला कमी पडले त्याला विकता येई.

ज्या २००३ साली नियम ढिला पडला आणि जनरल मोटर्स आपल्या गाड्या परत घेत होती, त्याच साली कॅलिफोर्नियातच मार्टिन एबरहार्ड आणि मार्क टार्पेनिंग यांनी टेस्ला नावाची छोटी कंपनी काढली. त्यांना ओढ लागली ती एका दुसऱ्या लहान कारखान्याची गाडी पाहून. त्या कारखान्याचे इंजिनीअर अॅलन कोकोनी यांनीच पूर्वी 'इम्पॅक्ट'ची वीजयंत्रणा रचली होती. त्यांच्या गाडीत आता शिशाच्या जड बॅटऱ्यांऐवजी लिथियमच्या बॅटऱ्या होत्या. लिथियमची बॅटरी १९९१ पासून बाजारात आली होती, पण ती कॅमेऱ्यात, मग फिरत्या संगणकात, मग मोबाइलमध्ये. मोटारवाल्यांनी तिच्यासाठी काही केले नव्हते. बोटाएवढ्या हजारो बॅटऱ्या एकत्र बांधून टेस्लाने २००८ मध्ये पहिली गाडी विकायला काढली.

आता पावतीची गंमत पाहा. २०१३ च्या पहिल्या तिमाहीत टेस्लाला तिच्या इतिहासात प्रथमच नफा झाला, सुमारे १ कोटी १० लाख डॉलर. त्याच तीन महिन्यांत बिनधुराची क्रेडिटे दुसऱ्या कंपन्यांना विकून तिला मिळाले होते सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलर. म्हणजे पावत्यांचा पैसा काढून घेतला तर नफा राहत नाही, चांगला सणसणीत तोटा उरतो. ज्या कंपन्यांना विजेची गाडी करायची नव्हती, त्या विजेची गाडी करणाऱ्याला पैसे पुरवीत होत्या! १९६४ मध्ये चार परक्या डब्यांनी जे केले, ते पन्नास वर्षांनी एका परक्या कंपनीने केले. नियमाने जुन्या कंपन्यांना फारसे हलवले नाही, पण दार किलकिले ठेवले आणि त्यातून बाहेरचा आत आला.

जुन्या कंपन्यांनी त्या काळात नियमापुरत्या गाड्या काढल्या. फियाट कंपनीची विजेची छोटी गाडी कॅलिफोर्निया आणि शेजारचे ऑरेगॉन, एवढ्याच राज्यांत विकली जाई. कंपनीचे प्रमुख सर्जिओ मार्किओने यांनी २०१४ मध्ये उघडच सांगितले की प्रत्येक गाडीमागे आम्हाला १४,००० डॉलरची खोट आहे, तेव्हा कृपा करून ती घेऊ नका. आपल्या दुकानात येऊ नका म्हणणारा दुकानदार आपण क्वचितच पाहिला असेल.

'शून्य धूर' या शब्दाबद्दल एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे. गाडी धूर सोडत नाही म्हणजे धूर कुठेच निघत नाही असे नव्हे. वीज कोळशावर होत असेल तर धुराडे गावाबाहेर गेले एवढेच. कॅलिफोर्नियात कोळशाची वीज थोडी, म्हणून तिथला हिशेब सरळ बसला. दुसऱ्या ठिकाणी तो वीजघर पाहूनच मांडावा लागतो. आणखी एक बोच मला राहते. महागड्या रस्त्यांच्या कडेला राहून सर्वांत जास्त धूर गिळणारी माणसे गरीब, आणि सरकारी सवलत घेऊन नव्या विजेच्या गाडीत बसणारी माणसे बहुधा सुखवस्तू. हा वाकडेपणा नियमात पुढे थोडाफार सरळ करण्याचा प्रयत्न झाला, पुरता गेला नाही.

न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स अशा राज्यांनी कॅलिफोर्नियाचा नियम उचलला. पण त्याचा खरा विस्तार झाला चीनमध्ये. चीन सरकारने २०१७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या धर्तीवर क्रेडिटांचा नियम जाहीर केला. २०१९ साठी शेकडा १० आणि २०२० साठी शेकडा १२ क्रेडिटे. त्याच्या जोडीला कारखान्यांना आणि बॅटरीवाल्यांना सरकारने भरपूर पैसाही ओतला. २०२४ पर्यंत चीनमधल्या नव्या प्रवासी मोटारींपैकी निम्म्याच्या आसपास गाड्या विजेच्या किंवा वीज-पेट्रोल दुहेरी झाल्या. ब्रिटनने २०२४ पासून शेकडा २२ चा आकडा घातला. भारताने अशी विक्रीची सक्ती केलेली नाही. आपल्याकडे २०१५ पासून खरेदीदाराला अनुदान आणि कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी इंधनावर मर्यादा, असा मार्ग धरला आहे. तरी कॅलिफोर्नियाच्या त्या धामधुमीचा एक धागा इकडेही आला. बंगळूरची 'रेवा' ही छोटी विजेची गाडी १९९४ मध्ये स्थापन झालेल्या ज्या कंपनीने केली, तिच्यात मैनी उद्योगसमूहाबरोबर कॅलिफोर्नियाची अमेरिगॉन ही कंपनी भागीदार होती. रेवा २००१ मध्ये रस्त्यावर आली, लंडनलाही गेली, आणि २०१० मध्ये मुंबईच्या महिंद्र कंपनीने ती घेतली.

ऑगस्ट २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मंडळाने नवा नियम केला. २०२६ च्या गाड्यांत शेकडा ३५, २०३० मध्ये ६८ आणि २०३५ पासून नवी गाडी विकायची ती बिनधुराचीच. तारेवर भरता येणाऱ्या दुहेरी गाड्यांना त्यात थोडी जागा ठेवली. १९९० चा कागद २००३ साली दहात एक गाडी मागत होता. अशा दुहेरी गाड्या धरून चारात एक हे प्रमाण राज्याने २०२३ साली प्रत्यक्ष गाठले. म्हणजे वीस वर्षे उशिरा, पण मागितल्यापेक्षा जास्त.

या नव्या नियमाला केंद्राची मंजुरी डिसेंबर २०२४ मध्ये मिळाली. पुढच्याच महिन्यात अमेरिकेत सरकार बदलले. तिथल्या संसदेने ती मंजुरी रद्द करणारा ठराव केला आणि १२ जून २०२५ रोजी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी त्यावर सही केली. संसदेला अशा रीतीने ती मंजुरी काढून घेता येते काय, हा वाद घेऊन कॅलिफोर्निया आणि आणखी दहा राज्ये त्याच दिवशी न्यायालयात गेली. १९६७ च्या त्या कोरड्या कलमाचाच अर्थ तिथे पुन्हा लावायचा आहे.